नवे औषध येईल, पण टिकेल का?

घरात कुणाला ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली किंवा एखादी जखम चिघळली की आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, चार दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागतो आणि आपण ते दुखणे विसरूनही जातो. आपल्या पणजीच्या काळात याच दुखण्यांनी माणसे दगावत. बाळंतपणानंतरच्या तापाने तरण्याताठ्या बायका जात, न्यूमोनियाने लहान मुले जात. हा फरक घडवण्यात ज्या औषधांचा मोठा वाटा आहे, त्यांना प्रतिजैविके म्हणजेच अँटिबायोटिक म्हणतात.

ज्यांच्या घरचे कुणी अलीकडे मोठ्या इस्पितळात, आयसीयूमध्ये दाखल होते, त्यांनी एक कागद पाहिला असेल. त्याला कल्चर रिपोर्ट म्हणतात. रुग्णाच्या रक्तात किंवा लघवीत कोणता जंतू सापडला आणि त्याच्यावर कोणकोणती औषधे तपासून पाहिली, याची ती यादी असते. औषधाच्या नावापुढे इंग्रजी ‘एस’ असेल तर ते औषध लागू पडते. ‘आर’ असेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. पूर्वी अशा यादीत एखादा ‘आर’ दिसे. आता काही रुग्णांच्या यादीत वरपासून खालपर्यंत ‘आर’च असतो आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलू लागतात.

ही काही तुरळक घटना राहिलेली नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मरण पावली. त्यांपैकी दर पाचांत एक पाच वर्षांखालचे मूल होते.

हे ऐकल्यावर कुणीही विचारील, मग शास्त्रज्ञ नवीन औषध का शोधत नाहीत? ते शोधत आहेत. आपल्या महाराष्ट्रातही शोधत आहेत. पण नवे औषध शोधण्याइतकेच ते टिकवणेही कठीण असते, आणि त्याचा टिकाव केवळ दवाखान्यात ठरत नाही. तो कोंबड्यांच्या शेडमध्ये, गोठ्यात आणि आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातही ठरतो. कोलिस्टिन नावाच्या एका औषधाची हकिकत पाहिली की हे नीट समजते.

सवय शरीराला लागत नाही

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘त्या गोळीची शरीराला सवय झाली, म्हणून आता लागू पडत नाही’ असे आपण सहज म्हणतो. खरे तर बदल आपल्या शरीरात होत नाही, जंतूंमध्ये होतो. कोट्यवधी जंतूंमध्ये एखादा असा निपजतो की औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि मोकळ्या रानात वाढतो. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात हाच इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरण्याऐवजी औषधाला तोंड द्यायला शिकतील, असे त्यांचे सांगणे होते.

याहून चिंतेची गोष्ट म्हणजे जंतू हे शिकलेले एकमेकांना देतात. वर्गात मुलांना मी परीक्षेतल्या चिठ्ठीचे उदाहरण देते. एका हुशार मुलाने उत्तर लिहिलेली चिठ्ठी बाकाखालून पुढे सरकवली की अभ्यास न केलेलेही पास होतात. जिवाणूंजवळ अशा चिठ्ठ्या असतात. डीएनएचा एक छोटा गोल तुकडा, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. त्यावर औषधाला हरवण्याची युक्ती लिहिलेली असते आणि एक जिवाणू ती दुसऱ्याला देतो. दुसरा त्याच जातीचा असायलाच हवा असेही नाही. कोंबडीच्या आतड्यातला साधा निरुपद्रवी जिवाणू ती चिठ्ठी माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूच्या हाती देऊ शकतो.

आणि या भेटी रोज होत असतात. ई-कोलाय नावाचा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो, तसाच बकरीच्या, म्हशीच्या आणि कोंबडीच्याही आतड्यात राहतो. शेणखतातून तो शेतात जातो, सांडपाण्यातून ओढ्यात जातो, कच्च्या मांसावरून हाताला आणि हातावरून कोशिंबिरीला लागतो. माणसाचे जंतू वेगळे आणि जनावराचे वेगळे, अशी भिंत निसर्गात नाही.

कपाटातून परत काढलेले औषध

आता कोलिस्टिनकडे येऊ. जपानमधील कोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळवले. त्याची काम करण्याची पद्धत सोपी आहे. ई-कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जिवाणूंभोवती एक बाहेरचे आवरण असते आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. कोलिस्टिनवर धन भार असतो. लोहचुंबकासारखे ते त्या आवरणाला चिकटते आणि ते फाडून टाकते.

औषध जोरकस होते, पण माणसाच्या मूत्रपिंडालाही त्रास देत होते. १९७० च्या दशकात कमी त्रासाची इतर औषधे हाताशी होती, म्हणून डॉक्टरांनी कोलिस्टिन जवळजवळ बाजूला ठेवले. पुढे एकेक औषध निकामी होत गेले, तसे १९९० च्या दशकापासून ते पुन्हा बाहेर निघाले. मूत्रपिंडाचा धोका पत्करून, कारण दुसरे काही उरले नव्हते. आयसीयूमधल्या रुग्णासाठी ते ‘शेवटचे औषध’ बनले.

माणसांच्या दवाखान्यात ते कपाटात पडून असताना दुसरीकडे मात्र त्याचा वापर वाढत होता. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात ते मिसळले जात होते, आणि तेही अनेकदा आजारासाठी नव्हे, जनावराचे वजन लवकर वाढावे म्हणून.

ही प्रथा जुनी होती. अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यावर प्रयोग करत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा खाद्यात घातला तर पिल्ले झपाट्याने वाढतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९५० साली ही गोष्ट जाहीर झाली आणि थोड्याथोड्या मात्रेत रोज औषध चारण्याची रीत जगभर पसरली. फ्लेमिंग यांनी ज्या अपुऱ्या मात्रेपासून सावध केले होते, तीच मात्रा आता लाखो जनावरांना दररोज मिळू लागली.

धोका कुणी ओळखलाच नाही असेही नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने सांगितले होते की, माणसांच्या उपचाराला लागणारी प्रतिजैविके जनावरांचे वजन वाढवण्यासाठी वापरू नयेत. युरोपीय संघाने वजनवाढीसाठीची सर्वच प्रतिजैविके बंद करायला २००६ साल उजाडले.

शांघायजवळचे एक डुक्कर

चीनमध्ये जनावरांमधल्या ई-कोलायची नियमित तपासणी चालत असे. कोलिस्टिनला दाद न देणारे नमुने वाढत आहेत, हे तिथल्या शास्त्रज्ञांना खटकले. २०१३ साली शांघायमधील एका डुकरापासून घेतलेल्या जिवाणूत त्यांना त्याचे कारण सापडले. एक नवा जनुक, त्याला एमसीआर-१ असे नाव दिले गेले. तो जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर एक छोटा रासायनिक तुकडा चिकटवतो. त्यामुळे आवरणाचा ऋण भार कमी होतो आणि कोलिस्टिनला पकडायला जागाच उरत नाही.

खरा धक्का पुढे होता. हा जनुक प्लाझ्मिडवर होता, म्हणजे त्याच चिठ्ठीवर लिहिलेला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०१४ या काळात गोळा केलेल्या नमुन्यांत हा जनुक कुठे किती सापडला, ते पाहा. कत्तलीसाठी आणलेल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, म्हणजे सुमारे २१ टक्के. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, म्हणजे १५ टक्के. इस्पितळातल्या १,३२२ रुग्णांच्या नमुन्यांपैकी १६ मध्ये, म्हणजे सुमारे एक टक्का. जनावरांत सर्वांत जास्त, मांसात त्याहून कमी, माणसांत अगदी थोडा. हा प्रवास शेडकडून दवाखान्याकडे झाला असावा, हे आकडेच सुचवतात. त्यानंतर इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी आपापले जुने नमुने काढून तपासले. एकामागून एक अनेक देशांत एमसीआर-१ सापडला. भारतातही सापडला.

एवढ्यावरच हकिकत संपली असती तर ती केवळ भीतीची झाली असती. पण चीनने २०१७ साली वजनवाढीसाठी कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. पुढच्या पाहणीत डुकरांमधील कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई-कोलायचे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत खाली आले, तर कोंबड्यांमध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत. एवढा फरक दोन-तीन वर्षांत पडला. औषधाचा मारा थांबला की युक्ती बाळगणाऱ्या जंतूंचा फायदाही संपतो आणि त्यांची संख्या घटते. सगळ्याच औषधांच्या बाबतीत इतक्या लवकर असे घडत नाही, पण इथे घडले.

भारत सरकारनेही १९ जुलै २०१९ रोजी अधिसूचना काढली. खाण्यासाठी पाळली जाणारी जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर तिने बंदी आणली. आपल्या जवळपास कुणाचा पोल्ट्रीचा व्यवसाय असेल तर त्यांना ही तारीख जरूर सांगावी. आज पक्ष्यांसाठी म्हणून कुणी कोलिस्टिनची पुडी देत असेल तर ते बेकायदा आहे.

माती, कोंबडीचा घसा आणि पिंपरी

आता नव्या औषधांकडे वळू. प्रतिजैविकांचा मोठा खजिना मातीत आहे. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांशी झगडताना जी रसायने सोडतात, तीच आपली औषधे होतात. क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी शोधले. त्याचा एक नमुना शेणखत घातलेल्या जमिनीतला होता आणि दुसरा चक्क एका कोंबडीच्या घशातून घेतलेला होता. ज्या कोंबड्यांमध्ये आज आपण औषध वाया घालवतो, त्यांच्यापैकीच एकीकडून एक मोठे औषध माणसाला मिळाले होते.

आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीलाही या इतिहासात जागा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. तिथल्याच संशोधकांनी मातीतून बुरशीवरचे हॅमायसिन हे औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

पुढे मात्र ही विहीर आटत गेली. मातीतून तीच ती रसायने पुन्हा पुन्हा हाती येऊ लागली. ई-कोलाय, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारख्या दुहेरी आवरणाच्या जिवाणूंवर तर काम फारच अवघड. बाहेरचे आवरण औषधाला आत शिरू देत नाही आणि जे शिरते ते जिवाणू आतल्या पंपांनी बाहेर फेकतो. त्यामुळे या जिवाणूंवर पूर्णपणे नव्या जातीचे औषध गेल्या कित्येक दशकांत फारच क्वचित रुग्णांपर्यंत आले आहे.

तरीही काम थांबलेले नाही. त्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

पहिली वाट जुन्या औषधाला सोबती देण्याची. जिवाणू एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडून औषध तोडतो. त्या विकरालाच जखडून ठेवणारे दुसरे रसायन सोबत दिले की जुने औषध पुन्हा काम करते. चेन्नईच्या ऑर्किड फार्मा कंपनीत शोधलेले एनमेटाझोबॅक्टम असेच आहे. सेफेपिम या जुन्या औषधाबरोबर त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गासाठी मान्यता दिली.

दुसरी वाट ओळखीच्या औषधाची घडण बदलण्याची. डॉ. हबिल खोराकीवाला यांनी स्थापन केलेल्या वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. या कंपनीने सरकारच्या बायरॅक या संस्थेच्या साहाय्याने नॅफिथ्रोमायसिन हे औषध विकसित केले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते जाहीर केले. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियासाठी ते आहे, दिवसातून एकदा याप्रमाणे तीन दिवस घ्यायचे. त्यामागे सुमारे चौदा वर्षांची मेहनत आहे. ध्यानात घ्या, चौदा वर्षे. पहिलीतले मूल कॉलेजात जाते, तेवढा हा काळ आहे.

तिसरी वाट अगदी नव्या ठिकाणी शोधण्याची. मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. अमेरिकेतल्या किम लुईस यांच्या गटाने ते मातीतच वाढवण्याचे एक छोटे उपकरण वापरले आणि २०१५ साली टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक जगापुढे ठेवले. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी कॉम्प्युटरला हजारो रसायने तपासायला शिकवले. त्याने मूळ मधुमेहासाठी अभ्यासल्या गेलेल्या एका रसायनाकडे बोट दाखवले. त्याचे नाव हॅलिसिन ठेवले गेले आणि उंदरांमध्ये त्याने चिवट जंतू मारले. २०२४ च्या सुरुवातीला झोसुराबाल्पिनची माहिती प्रसिद्ध झाली. ॲसिनेटोबॅक्टर आपल्या बाहेरच्या आवरणासाठी जे सामान वाहून नेतो, ती वाहतूकच हे औषध अडवते. यांतली अनेक औषधे अजून चाचण्यांत आहेत आणि काही कदाचित मेडिकलपर्यंत कधीच पोहोचणार नाहीत.

चांगले औषध आणि बुडालेली कंपनी

मेडिकलपर्यंत न पोहोचण्याचे कारण नेहमी विज्ञानातच असते असे नाही. रक्तदाबाची गोळी माणूस आयुष्यभर घेतो. प्रतिजैविक मात्र पाच-सात दिवस घ्यायचे असते. शिवाय नवे प्रतिजैविक जितके मोलाचे, तितके डॉक्टर ते राखून ठेवतात. रुग्णाच्या हिताचे तेच आहे, पण कंपनीचा माल खपत नाही. कॅलिफोर्नियातील अकाओजेन कंपनीच्या प्लॅझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगले होते. गिऱ्हाईक नव्हते.

यावर ब्रिटनने एक उपाय करून पाहिला. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने २०२२ मध्ये दोन नव्या प्रतिजैविकांसाठी कंपन्यांशी वार्षिक ठराविक रकमेचा करार केला. औषध कमी वापरले तरी पैसे तेवढेच. अग्निशमन दलाचा पगार आपण आगी किती लागल्या ते मोजून देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

भावंडांची भानगड

आता शेड आणि दवाखाना यांच्यातली सर्वांत नाजूक गोष्ट. जनावरांच्या औषधाचे नाव वेगळे असते, म्हणून आपल्याला वाटते की त्याचा माणसाशी काय संबंध? पण औषधांनाही सख्खी भावंडे असतात. कोंबड्यांना दिले जाणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि माणसांना दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही एकाच कुळातली. एकाला हरवायला शिकलेला जंतू दुसऱ्यालाही हरवतो. म्हणूनच अमेरिकेने २००५ साली कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केले. युरोपात जनावरांना दिले जाणारे ॲव्होपार्सिन हे माणसांच्या व्हॅन्कोमायसिनचे भावंड. डेन्मार्कने ते १९९५ साली आणि युरोपीय संघाने १९९७ साली थांबवले.

याचा उलटा नमुनाही आहे. ॲप्रामायसिन हे डुकरे, वासरे आणि कोंबड्यांसाठीचे जुने औषध. माणसांतल्या अनेक चिवट जंतूंवर ते चालते असे दिसल्याने आता त्याच्या माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत. पण जनावरांतल्या काही जिवाणूंनी त्याला तोंड देणारा जनुक आधीच मिळवला आहे. म्हणजे हे औषध माणसासाठी नवे असेल, जंतूंना मात्र ते ओळखीचे आहे.

त्यामुळे आता जगाचे धोरण बदलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या आपल्या यादीत काही प्रतिजैविके केवळ माणसांसाठीची म्हणून वेगळी दाखवली. युरोपीय संघाने २०२२ पासून जनावरांना सरसकट प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविके देण्यावर निर्बंध आणले आणि काही औषधे माणसांसाठी राखून ठेवली.

आपल्या हातात काय आहे?

प्रश्न जनावरांविरुद्धचा नाही आणि कोंबड्या पाळणाऱ्यांविरुद्धचाही नाही. आजारी म्हशीला औषध मिळायलाच हवे. आपल्या समाजात दूध, चिकन, मटण यांच्या व्यवसायावर चालणारी घरे थोडी नाहीत, आणि जनावरांच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांनाच या जंतूंचा पहिला धोका असतो. म्हणून काही गोष्टी अगदी नेमक्या सांगते.

पोल्ट्री असेल तर खाद्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे ते वाचा. त्यात प्रतिजैविक आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. वेळेवर लस, कोरडे तूस, स्वच्छ पाणी आणि हवेशीर शेड यांनी आजार कमी होतात, तेवढी औषधाची गरजही घटते.

गाई-म्हशीला कासदाह, ज्याला गोठ्यात ‘दगडी’ म्हणतात, झाला की इंजेक्शन पशुवैद्याच्याच सल्ल्याने द्या. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस दूध वापरू नका असे लिहिलेले असते, तितके दिवस ते डेअरीत घालू नका आणि घरीही वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश जाईलच याची खात्री नसते.

बकरी ईदच्या आधी अनेक घरांत बकरा काही दिवस दारात बांधलेला असतो. त्याला हगवण लागली, तो शिंकू लागला, तर घरातली उरलेली माणसांची गोळी कुटून पाण्यातून देऊ नका. पशुवैद्याला बोलवा. मुले त्याला खाऊ-पिऊ घालतात, गळ्याला मिठी मारतात. त्यांचे हात जेवणाआधी साबणाने धुतले जातात की नाही, याकडे लक्ष ठेवा.

स्वयंपाकघरात घाबरायचे कारण नाही. औषधाला दाद न देणारा जंतूही आचेवर मरतोच. मांस आतपर्यंत पूर्ण शिजवा, दूध उकळा. धोका असतो तो शिजण्याआधी. कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुतले की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. म्हणून अन्नसुरक्षेच्या अनेक संस्था ते धुऊच नका असे सांगतात. ज्यांना धुतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी पातेल्यात पाणी घेऊन हळूच धुवावे, मग ओटा आणि हात साबणाने साफ करावेत. मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवावा. त्याच पाटावर काकडी-टोमॅटो चिरू नये.

आणि औषधांचा डबा. साध्या सर्दीवर, बहुतेक घसादुखीवर प्रतिजैविक चालत नाही, कारण ते दुखणे विषाणूंचे असते. काही गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ असा की ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मेडिकलवाल्याला ‘मागच्या वेळची ती गोळी द्या’ असे सांगू नये. खालाने दिलेली, शेजारच्या भाभीची उरलेली गोळी घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्यावी, त्यांना न विचारता मध्येच सोडू नये. केरळमध्ये प्रतिजैविके निळ्या पाकिटातून देण्याची पद्धत सुरू झाली आहे, म्हणजे घरातल्या कमी शिकलेल्या माणसालाही ही गोळी वेगळी आहे हे कळते. आपल्याकडेही घरातल्या घरात असे करता येईल. प्रतिजैविकाच्या पाकिटावर रुग्णाचे नाव आणि किती दिवस घ्यायचे, हे पेनाने लिहून ठेवायला खर्च काहीच नाही.

नवे प्रतिजैविक ही अमानत आहे, आणि ती एका घराची नाही. औरंगाबादच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षे लागलेले औषध आपल्या एका निष्काळजी गोळीने संपत नाही, पण कोट्यवधी निष्काळजी गोळ्यांनी आणि खाद्यातल्या चिमूटचिमूट पुड्यांनी नक्की संपते. कोलिस्टिनच्या बाबतीत तसे घडत होते. चीनच्या शेडमध्ये ते थांबवल्यावर चिवट जंतू मागे हटले, हेही आपण पाहिले. आज संध्याकाळी आपल्या घरातला औषधांचा डबा उघडा. त्यात कुणाची अर्धवट राहिलेली प्रतिजैविके पडली असतील तर ती पुढच्या तापासाठी ठेवू नका. ती कचऱ्यात किंवा मोरीतही टाकू नका, कारण तिथून औषध पुन्हा माती-पाण्यातल्या जंतूंपर्यंत पोहोचते. पुढच्या खेपेला दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये जाल, तेव्हा ती सोबत न्या आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते तिथे विचारा.